सटवाजी मिस्त्रीची कडी

सटवाजी मिस्त्रींना बसून काम करताना मी पाहिलं नाही. कानस चालवायची तर उभ्यानं, जेवायचं तर भाकरी हातावर घेऊन दुकानाच्या दारात फेऱ्या मारत, आणि काहीच काम नसलं तर एखाद्या जुन्या रायफलीचा बोल्ट उघड-मीट करत. खट् खटक्, खट् खटक्. शेजारचे कापडवाले शिवलिंगअप्पा गळ्यातलं लिंग सावरत ओरडायचे, "मिस्त्री, त्या पोलादाला तरी जरा निजू द्या!" तोवर मिस्त्री पुढच्या फेरीला निघालेले असत.

मी तेव्हा जिंतूरच्या तहसील कचेरीत अहलकार होतो. अहलकार म्हणजे कारकूनच, पण निजामी राज्यात त्या शब्दाला वजन होतं. माझ्याकडं हत्यारांच्या परवान्यांचं रजिस्टर होतं. कचेरीची भाषा उर्दू, घरची मराठी. तीन महिन्यांतून एकदा बंदूकसाजाच्या दुकानात जाऊन किती बंदुका दुरुस्तीला आल्या, किती परत गेल्या, नंबर जुळतात का, एवढं पाहून सही घ्यायची. तालुक्यात बंदूकसाज एकच. त्यामुळं दर तिमाहीला मी आणि मिस्त्री समोरासमोर.

जातीनं पांचाळ, पिढीजात लोहार. तरुणपणी हैदराबादेत एका बंदुकीच्या दुकानात दहा-बारा वर्षं राबून आलेले. उंच, काटक, डाव्या भुवईत ठिणगीनं जळालेला पांढरा ठिपका. उर्दू अक्षर वाचता येत नव्हतं, पण नळीवरचा नंबर बोटानं चाचपून सांगत आणि तो माझ्या रजिस्टरशी बरोबर जुळे.

बोल्टला ते कडी म्हणत. दाराची कडी असते तशी. रायफलीच्या मागं तो पोलादी दांडा असतो. मागं ओढायचा, काडतूस घालायचं, पुढं ढकलून खाली वळवायचा. वळवला की त्याच्या टोकाचे दोन खुंट भोवतालच्या पोलादी घरात अडकतात आणि दार बंद होतं. बार उडाला की सगळा जोर मागं, त्या दारावर येतो. दारापलीकडं शिकाऱ्याचा गाल असतो.

"लोकं नळी बगतात, मुनशीजी," मिस्त्री एकदा मला म्हणाले. "नळी लांब किती, चकाकते किती. नळी नुसती गोळी फेकते. माणूस राखते ती कडी."

"मग कडी निवडायची कशी?" मी विचारलं. मला खरोखर काही कळत नव्हतं. वेळ काढायला विचारलं होतं.

ते थांबले. "कातडं कठीण पायजे आन् काळीज मऊ. वरून घासली जाऊ नये आन् आतून तटकू नये. मऊ पोलाद वाकतं. वाकतं ते आधी सांगतं, कडी जड चालाया लागती, माणूस शहाणा होतो. कडक पोलाद सांगत न्हाई. एकदम जातं." एवढं बोलून त्यांनी हातातला बोल्ट मिटला आणि पुन्हा चालू लागले.

नवीन कडी दुकानात आली की तिची परीक्षा तीन-चार दिवस चाले. पहिल्यांदा तिचं घर सुतळीनं टांगायचं आणि लाकडी हातोडीनं टिचकी मारायची. चीर असली तर आवाज बसका येतो. मग घासलेटात बुडवून पुसायची आणि वर खडूची पूड भुरभुरायची. केसाएवढी फट असली तरी आतलं घासलेट पाझरून पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. शेवटी काजळ. दोन्ही खुंटांना मागून काजळ लावायचं, कडी बसवायची, वळवायची, काढायची. काजळ दोन्हीकडचं सारखं पुसलं गेलं तर दोन्ही खुंट जोर घेतात. एकीकडचं तसंच राहिलं तर कडी एका पायावर उभी आहे.

हे काजळ घरातून यायचं. त्यांच्या बायकोनं, पारूबाईनं, एकदा माझ्यादेखत डबी आपटली. "मपल्या डोळ्यात येवढं काजळ कदी गेलं न्हाई, जेवढं ह्या बंदुकीच्या बुडात गेलंय!"

मिस्त्री म्हणाले, "तुज्या डोळ्यानं कुनाचा जीव जात न्हाई."

"कुनाला ठाव," म्हणून ती आत गेली. मिस्त्री त्या दिवशी हसलेले मला आठवतात. तसे ते फार कमी हसत.

तालुक्यातले एक मोठे जहागीरदार मिस्त्रींकडं येऊ लागले तेव्हाची गोष्ट. जिंतूरच्या डोंगरात त्या वेळी वाघ होता आणि जहागीरदारांना स्वतःच्या मापाची, खास बांधून घेतलेली रायफल हवी होती. त्यासाठी त्यांनी हैदराबादेहून एक जुनी विलायती रायफल आणली. तिच्यावर चांदीची वेलबुट्टी. तिची कडी वळवावी लागत नव्हती. सरळ मागं, सरळ पुढं, की बंद. लोण्यासारखी चालायची.

"हीच कडी ठेव. नळी आणि लाकूड नवं कर," जहागीरदार म्हणाले. "वाघासमोर वळवत बसायला वेळ कुठला?"

मी तपासणीला गेलो होतो म्हणून हे पाहायला मिळालं. मिस्त्रींनी ती कडी हातात घेतली, दोन-चारदा चालवली, मग तिचे भाग सुटे केले आणि पुन्हा जोडून रायफलीत बसवली. सरळ पुढं गेली. खटका बसला.

"लागली का, सरकार?"

"लागली की."

"न्हाई लागली. मी तिचं तोंड उलटं बसवलंय. खुंट अडकलेच न्हाईत. पन तुमाला काय कळालं?"

जहागीरदारांच्या कपाळाला आठी पडली. त्यांच्याशी असं बोलणारा माणूस त्यांच्या गावात नव्हता. मिस्त्रींनी दुकानामागच्या बाभळीच्या खोडाला रायफल दोरखंडानं करकचून बांधली, काडतूस घातलं, चापाला सुतळी बांधली आणि आम्हा सगळ्यांना दगडी ओट्याच्या आड उभं केलं. सुतळी ओढली. बार झाला. धूर निवळल्यावर पाहतो तर रायफलीत कडी नाही. ती मागं उडून मातीच्या भिंतीत वीतभर रुतली होती.

मिस्त्री भिंतीपाशी गेले, रुतलेल्या कडीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हितं आपलं कपाळ व्हतं, सरकार. ज्या कडीला चुकीचं बसवता येतं, ती कवा ना कवा चुकीची बसती."

 जहागीरदारांनी मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. "मग तूच शोध. तुझ्या मनाला येईल ती. वेळ घे."

त्या एका दिवसानं मिस्त्रींचं नाव परभणीपर्यंत गेलं. आणि त्या दिवसापासून त्यांची येरझार वाढली. वर्षभर त्यांनी कड्या पाहिल्या. कोणी लष्करातून बाद झालेल्या आणल्या, कोणी मुंबईहून मागवून दिल्या. टांगलेल्या, घासलेटात बुडलेल्या, काजळलेल्या कड्या. एक चिरलेली, एक झिजलेली, एक एका पायावरची. शेवटी त्यांनी हैदराबादच्या आपल्या जुन्या दुकानाला स्वतःची ठासणीची बंदूक आणि हस्तिदंती मुठीचा कट्यार-जोड देऊन एक जर्मन कडी आणली. पुढच्या टोकाला दोन दणकट खुंट, मागं आणखी एक, पहिले दोन दगा देतील तर धरायला. काडतूस फुटलंच तर वाफ बाजूला काढून द्यायला भोकं. दोन्ही खुंटांचं काजळ नाण्यासारखं सारखं पुसलेलं त्यांनी मला दाखवलं.

"आता झालं," मी म्हणालो.

"व्हईल," ते म्हणाले. पण चेहरा समाधानी माणसाचा नव्हता. मला नवल वाटलं, इतकी भारी वस्तू मिळाल्यावर ह्या माणसाला आणखी काय हवंय?

ते महिन्याभरात कळलं.

पालमकडचे व्यंकटराव नावाचे एक शेतकरी दुकानात आले. आधी पिंगळीच्या बहिणीकडं उतरून मग मोटारीनं जिंतूरला. तोंडावरून उपरणं घेतलेलं. बगलेत फडक्याचं गाठोडं. मी रजिस्टर उघडून बसलो होतो.

"वळखलं का मिस्त्री? मी तुमचं जुनं गिऱ्हाईक." त्यांनी गाठोडं सोडलं. आत एका रायफलीचे तुकडे होते. "डुकरावर बार टाकला आन् हे असं झालं. काडतूस खराब आसंल. नीट व्हईल का?" बोलता बोलता उपरणं खाली सरकलं. उजव्या डोळ्याच्या जागी नुसती कातडी ओढलेली होती.

मिस्त्रींनी एक तुकडा उचलला, दारापाशी उजेडात नेला. बराच वेळ ते पाठमोरे उभे राहिले. हललेच नाहीत.

मला वाटलं, काडतुसावर ढकलून मोकळे होतील. व्यंकटरावांनी स्वतःच तो रस्ता करून दिला होता.

"काडतूस न्हाई," मिस्त्री वळून म्हणाले. "मी. हे मपलं काम हाय."

"म्हंजी?"

"हैदराबादेहून नवा नवा आलो व्हतो. भंगारातनं दोन कड्या आनल्या व्हत्या, घरासकट. मला वाटलं लय मऊ हायत. म्या हुशारी केली. भट्टीत पार पांढऱ्या फट् होईस्तोर तापवल्या आन् पाणी पाजलं. कानस लागंना अशा कडक झाल्या. मला वाटलं, वा! हे बगा." त्यांनी तुकड्याची तुटकी कड पुढं केली. पोलादाचे कण मोठे मोठे, साखरेसारखे चमकत होते. "जळालेलं पोलाद असं दिसतं. ह्यात जीव न्हाई राह्यला."

व्यंकटराव खाली बसले. त्यांना राग यायला हवा होता, पण ते एकच बोलले, "दोन कड्या म्हनलात. दुसरी कुटं हाय?"

"तेच," मिस्त्री म्हणाले, "तेच मला ठाव न्हाई."

दुसरी रायफल त्यांनी एका अबकारी अंमलदाराला विकली होती. तो बदलून गेला आणि जाताना रायफल कोणाला तरी देऊन गेला. कोणाला, ते माझ्या रजिस्टरात होतं. मिस्त्री संध्याकाळी कचेरीत आले.

"दुसऱ्याच्या परवान्याची माहिती सांगता येत नाही, मिस्त्री. अर्ज करा, वर जाईल, हुकूम येईल."

"कवा?"

"महिना, दोन महिने."

"हुरड्याचे दिस हायत, मुनशीजी. डुकरं ज्वारीत शिरायलीत. ज्याच्याकडं हाय तो रोज बार टाकीत आसंल."

मी मान हलवली. नियम माझ्या बाजूनं होता आणि मला नोकरी जपायची होती. दुसऱ्या दिवशी ते कचेरीच्या ओसरीवर येऊन फेऱ्या मारू लागले. तिसऱ्या दिवशीही. चपराशी म्हणाला, साहेब, ह्या माणसाला बघून मला चक्कर यायलीय. चौथ्या दिवशी मी रजिस्टर उघडलं. मोठं धैर्य केलं असं काही नाही. मला त्या पावलांचा आवाज सहन होईना, एवढंच.

ज्याला रायफल मिळाली तो देशमुख वारला होता. परवाना बायकोच्या नावावर झाला होता: चंद्रभागाबाई, येलदरीपलीकडं पूर्णेच्या काठचं गाव.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही बैलगाडीनं निघालो. मिस्त्री, व्यंकटराव आणि मी. मी का गेलो हे मला आजही नीट सांगता येत नाही. व्यंकटराव मात्र हट्टानं आले. मिस्त्री गाडीत बसलेच नाहीत. निम्मा रस्ता बैलांच्या पुढं चालत होते.

चंद्रभागाबाई पन्नाशीच्या. डोईवर पदर घट्ट, हाताला घट्टे. मूलबाळ नाही. नवरा गेल्यावर भावकीनं जमिनीवर डोळा ठेवला तेव्हा त्यांनी नवऱ्याची रायफल घेऊन शेतातल्या माळ्यावर बसायला सुरुवात केली होती. डुकरंही लांब राहिली आणि भावकीही.

"ही रायफल मी केलती, बाई," मिस्त्री म्हणाले. "ती वाईट हाय. वापरू नका."

"वाईट? मालकांनी हिच्यानं दोन बिबटे मारले."

"त्यांचं नशीब."

"त्यांच्या नशिबाचं नाव काडू नका. ते पान लागून गेले." साप चावल्याला तिकडं पान लागलं म्हणतात. त्यांनी रायफल मांडीवर ओढून घेतली. "कुनी पाठवलं तुमाला? दिरानं? रायफल गेली की रान बी गेलं, मला ठाव हाय."

 बोल्ट हातात नसला की मिस्त्रींची बोटं नुसतीच हवेत वळायची, तशी ती वळत होती. तेव्हा व्यंकटराव पुढं झाले आणि तोंडावरचं उपरणं काढलं.

"बाई, मपल्याकडं हिची जोडीदारीन व्हती. मला आदी कुनी सांगाया आलं असतं, तर मी बी हेच म्हनलो असतो."

बाईंनी त्यांच्या तोंडाकडं नीट पाहिलं. नजर फिरवली नाही. मग म्हणाल्या, "फोडून दावा."

मिस्त्रींनी खालचे दोन स्क्रू काढले, पोलाद लाकडातून सोडवलं. लाकडी दस्ता बाईंच्या हातात दिला. नळीसकट कडीचं घर गुरांच्या दगडी डोणीवर आडवं धरलं आणि घण मारला. पहिला घाव निसटला. बाईंचा गडी हसला. दुसऱ्या घावाला घर तीन ठिकाणी फुटलं; एक तुकडा उडून कडब्यात गेला. चंद्रभागाबाईंनी दुसरा उचलला. तीच साखर. अंगठ्यानं त्या ती कड चाचपत राहिल्या.

"हे तुमाला कवापासून ठाव हाय?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, मिस्त्री म्हणतील, हे तुकडे पाहिल्यापासून. मीही तेच समजत होतो.

"सहा वर्सं," मिस्त्री म्हणाले. "मागनं एक जळालेली कडी पाहिली एका दुकानात, तवाच वळखलं. मंग वाटलं, इतके दिस चालल्यात, चालतील. सांगाया गेलो तर नाव जाईल."

 नदीकडून कसलीशी पाखरं ओरडत गेली.

"सहा वर्सं," बाई म्हणाल्या, "मालक हे गालाला लावत व्हते."

मिस्त्रींनी मान खाली घातली. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

 दस्त्यावर, जिथं गाल टेकतो तिथं, लाकूड घासून गुळगुळीत आणि काळसर झालं होतं. तिथं हात ठेवून बाई म्हणाल्या, "हे लाकूड मी टाकनार न्हाई. दुसरी कडी, दुसरी नळी घालायची तर ह्याच लाकडात घाला. हितं कानस लागता कामा नये. आन् हुरडा मोडायच्या आत पायजे."

परतल्यावर मिस्त्रींनी फळीवर दोन कड्या ठेवल्या. एक इंग्रजी, लष्करी. दुसरी ती जर्मन.

"इंग्रजी घाला," मी म्हणालो. "जर्मन जहागीरदारांसाठी आहे."

"इंग्रजी वाईट न्हाई. चपळ हाय. पन ती मागून धरती. पुढून जोर आला की मधलं सगळं पोलाद तानलं जातं. तरी घातली असती." त्यांनी काजळ लावून कडी फिरवली आणि मला दाखवली. एक खुंट पुसलेला, दुसरा काळाच. "ही येका पायावर हाय. हिला ठीक करायची म्हंजी पुन्हा भट्टी, पुन्हा पाणी. न्हाई. येकदा हुशारी केलीय."

"मिस्त्री, ते जहागीरदार आहेत."

"त्यांनी आजून डोळ्यानं बगितली न्हाई ती. मपली हाय तवर मपली."

"त्यांच्यासाठी दुसरी मिळायला वर्ष जाईल."

"वाघ वर्सभर थांबल. डुकरं थांबत न्हाईत."

आठ दिवस ते त्या लाकडाशी झगडले. जर्मन कडीचं घर वेगळ्या मापाचं. त्याच्या अंगाला काजळ फासायचं, लाकडात दाबायचं, काढायचं. लाकडावर जिथं काळा डाग उमटला तिथं पटाशीनं केसभर तासायचं. पुन्हा काजळ, पुन्हा दाबायचं. शंभरदा, दोनशेदा. पारूबाईनं डबी आणून फळीवर ठेवली आणि ह्या वेळी काही बोलली नाही. गालाच्या जागेवर त्यांनी ओलं फडकं बांधून ठेवलं होतं, चुकून हत्यार लागू नये म्हणून. मग बाभळीला बांधून दुप्पट दारूची दोन काडतुसं उडवली, काजळ पाहिलं, घासलेट आणि खडू पाहिला. तिसरा बार त्यांनी स्वतःच्या गालाला लावून काढला. पारूबाई दारात उभी होती. 

चंद्रभागाबाईंनी नवी रायफल घेतली, कडी ओढली, वळवली, नवऱ्याच्या जागी गाल टेकला आणि बांधावरच्या मडक्यावर बार टाकला. मडकं फुटलं. त्यांनी मिस्त्रींना माफ केलं असं म्हणता येणार नाही. "जेवून जावा," एवढंच म्हणाल्या.

जहागीरदार थंडी सरताना आले. मिस्त्रींनी काही लपवलं नाही. कडी कोणाला दिली, का दिली, आधीच्या दोन कशा जाळल्या, सगळं सांगितलं.

"वाघासाठी आणलेली वस्तू," जहागीरदार शांतपणे म्हणाले, "एका बाईला दिलीस. डुकरं हाकायला."

"व्हय, सरकार."

ते ओरडले नाहीत. पानाचा डबा बंद केला आणि गेले. महिन्याभरात परभणीच्या जिल्हा कचेरीतून कागद आला: जिंतूरचा बंदूकसाज सदोष हत्यारं बनवत असल्याचं त्यानं स्वतःच कबूल केलं आहे, चौकशी व्हावी. तहसीलदारांनी मला बोलावून विचारलं, "तू दर तिमाहीला जातोस. तुझं काय म्हणणं?"

किती सांगता आलं असतं! भिंतीत रुतलेली कडी, काजळाची डबी, डोणीवरचा घण. पण त्यातली एक गोष्ट सांगायची तर रजिस्टर मी कोणाला दाखवलं हेही सांगावं लागलं असतं. मी लिहून दिलं, "दफ्तरात विशेष नोंद नाही." ते चार शब्द मी सुवाच्य अक्षरात लिहिले होते.

परवाना रद्द झाला. हुकूम पोचवायलाही मलाच जावं लागलं. मी वाचून दाखवला, उर्दूचं मराठी करून. मिस्त्री ऐकत फेऱ्या मारत होते. संपल्यावर म्हणाले, "खरंच हाय की. केलंच व्हतं म्या." मग माझ्या जवळ आले. "मुनशीजी, येक काम करा. मी नावं सांगतो, तुमी कार्डं लिवा."

त्यांनी आजवर बांधलेल्या एकेका रायफलीचा मालक त्यांना पाठ होता. कुठं सेलू, कुठं हिंगोली, कुठं गंगाखेड. तेरा कार्डं झाली. मजकूर एकच: रायफल दुसऱ्या जाणत्याला दाखवल्याशिवाय वापरू नये.

"पण ह्या तर चांगल्या आहेत ना?" मी विचारलं.

"हायत. मला वाटतं हायत." कार्डांची चळत सारखी करत म्हणाले, "तवा बी वाटलंच व्हतं."

पंधरा दिवसांनी दुकानाला कुलूप होतं. शिवलिंगअप्पा म्हणाले, दोघं मानवतकडं गेले, कोणाच्या तरी ओळखीनं. मग स्वतःच म्हणाले, "आता शांत वाटायलंय. पन करमंना."

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. निजामी जाऊन दोन-तीन महिने झाले होते. मी नव्या सरकारच्या कुठल्याशा मोजदादीसाठी मानवतला गेलो होतो. कापसाचा हंगाम ऐन भरात. जिनिंगच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत गाड्या लागलेल्या, बैल सोडलेले, गाडीवान बोंब मारत होते कारण आतलं यंत्र बंद होतं. मी सहज आत डोकावलो. सरकीची धूळ उन्हाच्या पट्ट्यात तरंगत होती. मिस्त्री यंत्राच्या मोठ्या दांड्यापाशी उभे होते, मिशा-भुवया रुईनं पांढऱ्या झालेल्या, कान लोखंडाला लावलेला. दहा-बारा बाया आणि हमाल भिंतीला टेकून वाट पाहत होते. व्यवस्थापक घड्याळ काढून ओरडत होता, "मिस्त्री, काही दिसत नाही तिथं! चालू करा!"

मिस्त्रींनी कान काढला, दोन पावलं मागं गेले, पुन्हा पुढं आले, दांड्याखाली बोटं घालून काहीतरी चाचपलं. मी हाक मारायला तोंड उघडलं. पण तेवढ्यात पट्ट्याजवळचा माणूस यंत्र चालू करायला पुढं सरकला, तशी मिस्त्रींनी मान वर न करता डावा हात उचलला, पंजा उघडा. तो माणूस जागच्या जागी थांबला.

बाहेर मोटारवाला भोंगा वाजवत होता. मी तसाच वळलो. फाटकातून मागं पाहिलं तेव्हा हात अजून वरच होता.